हैदरभाईच्या माडीचा कठडा

"शनिवारच्या सांजच्याला अर्धं हिंगोली आपल्या घरापुढं मान वर करून उभं राहतं का न्हाई, बघच तू!" असं प्रेमानंद पाईकराव आपल्या बायकोला, संध्याला, आठवडाभर सांगत होता. जेवताना सांगायचा, दाढी करताना सांगायचा, अंगावर पांघरूण घेता घेता सांगायचा. शेवटी संध्या म्हणाली, "बघते. पन आधी ती ताटली उचला."

आता या घराची गोष्ट थोडी समजून घ्या. जुन्या हिंगोलीत निजामाच्या वेळची पाच घरांची एक ओळ आहे. लोक तिला पाचघरच म्हणतात. एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. पाचही घरांना एकसारखा दगडी ओटा, एकसारखं दार, आणि वर माडीला एकसारखा नक्षीचा सागवानी कठडा. कोण्या एकाच सुतारानं केलेले पाचही. प्रेमानंदचा जन्म याच घरातला, आणि त्याची कधी काही तक्रार नव्हती. पण मागच्या दिवाळीत त्याच्या मेहुण्यानं, बुद्धभूषणनं, बायपासला नवं रो-हाऊस घेतलं आणि बिघडलं सगळं! बुद्धभूषणच्या गॅलरीला चकचकीत स्टीलचा कठडा होता. त्यात तोंड दिसायचं.

"अरे, आमी तर जन्मापासून रो-हाऊसमधीच राहून राहिलो!" प्रेमानंद घरी येऊन तणतणला. "फकत पुढून चमकत न्हाई, म्हनून कोनी रो-हाऊस म्हनत न्हाई!"

झालं. चमकवायचं ठरलं.

पाचघरातल्या तिघांनी आधीच आपापल्या परीनं चमकवून घेतलं होतं. एकानं माडीला सिमेंटची जाळी लावली होती, एकानं खाली शटर बसवलं होतं, आणि एकानं अख्ख्या पुढच्या भिंतीला अशा फरशा लावल्या होत्या, की न्हाणीघर रस्त्यावर आल्यासारखं वाटावं. जुने सागवानी कठडे उरले होते दोनच. एक प्रेमानंदचा आणि एक त्याच्या शेजारच्या हैदरभाईचा.

हैदरभाई टेलर. प्रेमानंदच्या लेकीचे, पल्लवीचे, बालवाडीपासून दहावीपर्यंतचे सगळे शाळेचे ड्रेस त्यानंच शिवलेले. ती आता नांदेडला कॉलेजात आहे, तरी तिच्या मापाची वही त्यानं जपून ठेवली आहे. असा माणूस. दर शुक्रवारी तो फडक्यावर जवसाचं तेल घेऊन कठडा पुसायचा. स्टीलचं ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण बोलला तो एवढंच:

"तुमच्या घराचं तुमी काय बी करा, भाऊ. फकत आमी वाशिमला सोयऱ्याच्या लग्नाला जाऊन येईस्तोवर आटपून घ्या. माझ्यानं बघवनार न्हाई. आन एक. माझ्या कठड्याला धक्का लागू देऊ नका. संगं आपा येऊन राहिली."

आपा म्हणजे हैदरभाईची थोरली बहीण. याच घरात जन्मली, इथूनच लग्न होऊन हैदराबादला गेली. वीस वर्षांत आली नव्हती. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिची एकच इच्छा होती. माहेरच्या माडीवर, त्या कठड्याशी, एकदा उभं राहायचं. बस्स.

"हैदरभाई, तुमच्या कठड्यावर माशी बसू देनार न्हाई!" प्रेमानंदनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

शनिवार उजाडला. संध्या पुसेगावच्या शाळेत शिक्षिका. शनिवारची सकाळची शाळा, म्हणून ती पहाटेच जीपनं गेली. प्रेमानंदनं मोठ्या समजूतदारपणे ओट्यापुढची आपली पिवळी स्कूटर हलवली. मिस्त्रीला शिडी लावायला मोकळी जागा नको? स्कूटर ढकलत त्यानं शेजारी हैदरभाईच्या ओट्यापुढं नेऊन उभी केली आणि शीळ घालत पायीच बाजार समितीत कामाला निघाला.

अर्ध्या वाटेवर फोन आला. नरसिंग मिस्त्री, हिंगोलीजवळच्या गोरेगावचा. त्यानं घर कधी बघितलेलं नव्हतं. माप प्रेमानंदनं स्वतः घेऊन फोनवर पाठवलेलं.

"सायेब, गल्लीत आलो आमी. इतं तर दोन घरं जुळीच दिसून राहिली! तुमचं कंचं?"

प्रेमानंद तेव्हा दोन ट्रकच्या मधून रस्ता ओलांडत होता. गॅसवाल्याला, पोस्टमनला, पाहुण्यांना पंधरा वर्षं जे सांगत आला तेच तोंडातून निघालं.

"पिवळी स्कूटर उभी हाय न्हाई का, तेच!"

"बराबर. आन जुनं लाकूड?"

"लगेच टेम्पोत घालून घेऊन जा! हैदरभाईच्या नजरंला पडलं न्हाई पायजे!"

हा दुसरा निरोप तर त्यानं निव्वळ मायेपोटी दिला होता.

पावणेबाराला प्रेमानंद हळदीच्या पोत्याला टेकून दोन हमालांना आपल्या स्टीलच्या कठड्याचं वर्णन ऐकवत होता, तेवढ्यात संध्याचा फोन आला.

"अहो, मिस्त्री आला व्हता का?"

"आला कवाचा! काढला न कठडा?"

"काढला."

"मंग? कसं दिसून राहिलं?"

"आपला जागेवर हाय." संध्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "हैदरभाईचा काढला."

प्रेमानंद बाजार समितीतून पाचघरापर्यंत कसा पोचला हे त्याला आजही सांगता येत नाही. एक चप्पल वाटेत गेली एवढं नक्की. येऊन बघतो तर हैदरभाईच्या माडीवर कोरा करकरीत स्टीलचा कठडा उन्हात लखलखतोय, वरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही, आणि खाली नरसिंग मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा!

"बघा सायेब! आरसा हाय आरसा!"

"नरसिंग! अरे, हे घर माझं न्हाई!"

नरसिंगनं घराकडं बघितलं. मग स्कूटरकडं बघितलं.

"स्कूटर तुमचीच हाय न?"

"स्कूटर माझीच हाय!"

"मंग?"

ओट्यावर संध्या शाळेची पिशवी मांडीवर घेऊन, कपाळाला हात लावून बसली होती.

"लाकूड कुठंय?" प्रेमानंद ओरडला.

"टेम्पो गेला की दहालाच. कनेरगाव नाक्याला अमरसिंगचा ढाबा हाय. आमचं जुनं लाकूड त्यालाच जातं."

"फोन लाव त्याला!"

"लावून बघतो. पन गिऱ्हाइकाच्या टायमाला तो उचलत न्हाई."

नाहीच उचलला. तीनदा लावला, तीनदा वाजून बंद झाला. संध्या उठली. "पाचला येनार हैत ती मंडळी. त्या म्हातारीला काय तोंड दाखवनार? स्टीलचं?"

"जातो आन घेऊन येतो! तवर हे उतरवून घे!"

"आन न्हाई मिळाला तर?"

"काहून मिळनार न्हाई? कठडा हाय तो! केळं हाय का, कोनी खाऊन टाकायला!"

असं म्हणून प्रेमानंदनं, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, स्कूटरला किक मारली. वाशिम रस्त्यावर त्यानं एसटीला मागं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यापुढं दुसरं काही नव्हतं, फक्त तेलाचं फडकं घेतलेला हैदरभाईचा हात दिसत होता.

अमरसिंग म्हणजे भरघोस मिशांचा, मोकळ्या मनाचा गडी. प्रेमानंदनं "सकाळचं लाकूड" एवढं म्हणायचा अवकाश, तो खुलला.

"काय माल पाठवला राव तुमी! शंभर वरसाचं सागवान! सकाळपासून दुसरं काही जाळलंच न्हाई! काय पेटतंय, काय पेटतंय! या, बघा!"

त्यानं प्रेमानंदला हाताला धरून भट्टीपुढं नेलं. भट्टीवर शेवभाजीचं पातेलं रटरटत होतं, बाजूला चहा उकळत होता, आणि खाली लाल निखाऱ्यांत एक कोरलेलं कमळ हळूहळू काळं पडत होतं. प्रेमानंदनं मागचापुढचा विचार न करता हात घातला! बोटं भाजली, कमळ फुटलं, आणि हातात वीतभर लांबीचं एक ढलपं आलं. हैदरभाईच्या माडीच्या कठड्याचं एवढंच शिल्लक राहिलं होतं.

तो बाजेवर बसला आणि खरोखर रडला. अमरसिंगला वाटलं, धूर गेला डोळ्यात. त्यानं पाणी आणून दिलं.

आणि त्याच घडीला ढाब्यापुढं एक जीप थांबली.

"अरे! प्रेमानंदभाऊ! तुमी इतं?"

हैदरभाई! मागून त्याची बायको फातिमाबी, आणि तिच्या आधारानं उतरणारी, पांढरी ओढणी घेतलेली बारीकशी आपा! प्रेमानंदनं ते ढलपं चटकन पाठीमागं सदऱ्यात सारलं. ते अजून गरम होतं.

"तुमी... तुमी तर पाचला येनार व्हते न?"

"आपाला चैन पडंना! रातभर एकच, चल, माडी देखना है! म्हनून सकाळीच निघालो. पन तुमी काहून इतं?"

"तुमाला... तुमाला घ्यायला!"

"इतक्या दूर? स्कूटरवर?"

"आपा येऊन राहिल्या म्हनून!"

हैदरभाईचे डोळे भरून आले. "आपा, देखे? ऐसे पडोसी हैं अपने!" असं म्हणून त्यानं प्रेमानंदला कडकडून मिठी मारली आणि पाठीवर जोरात थाप मारली. बरोबर ढलप्यावर! प्रेमानंदच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. ती प्रेमाची समजून आपानंही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मंडळी चहाला बसली. हैदरभाईनं एक घोट घेतला, डोळे मिटले.

"वा! अमरसिंगभाऊ, काय सुगंध हाय ह्या चहाला! उन्हाळ्यात आमची माडी तापली न, की अस्साच वास येतो."

प्रेमानंदला ठसका लागला तो थांबेचना. त्या ठसक्याच्या निमित्तानं त्यानं अमरसिंगला ढाब्याच्या मागं ओढत नेलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. अमरसिंगनं आधी कानाला हात लावले, मग मिशीला.

"म्हंजी मी त्या मानसाला त्याच्याच घरावर चहा करून पाजला?"

"व्हय! आता ही जीप हितून निघाली की तासाभरात हिंगोलीत! मी मेलो, अमरसिंगभाऊ!"

"दोन तास हलू देत न्हाई त्यायला," अमरसिंग म्हणाला. "म्हातारीला मऊ भाकर थापतो. शेवभाजी हाय, ठेचा हाय, वर खीर करायला घेतो. खीर आटायला किती येळ लावायचा ते माझ्या हातात हाय. जाय तू!"

जायचं खरं, पण नेणार काय? स्कूटरला टेकून प्रेमानंद क्षणभर उभा राहिला. मग त्यानं फोन काढला.

"नरसिंग, स्टील उतरवलं का?"

"उतरवलं सायेब."

"आता आमचा जुना कठडा काढ. नीट, एक खिळा वाकू देऊ नको. आन हैदरभाईच्या माडीला बसव."

पलीकडून हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सायेब, आमचा म्हंजी कंचा? स्कूटर तर तुमी घेऊन गेले!"

"संध्याला इचार!! हातानं दाखवून घे तिच्याकडून!"

तो परत आला तेव्हा अडीच वाजून गेले होते. त्याचा कठडा दोऱ्या बांधून खाली उतरवला जात होता. सकाळपर्यंत जो डोळ्यात सलत होता, तो ओट्यावर आडवा पडलेला बघून प्रेमानंद त्याच्याजवळ उकिडवा बसला. वडील याच कठड्याला टेकून रेडिओ ऐकायचे. आपण हा जाळायला द्यायला निघालो होतो, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"उचला!" संध्या म्हणाली. "रडायचं मंग रडा."

फातिमाबीनं झाडांना पाणी घालायला संध्याजवळ किल्ली दिली होती. त्या किल्लीनं हैदरभाईचं दार उघडून सगळे माडीवर गेले. सुतार एक, लाकूड एक, माप एक. प्रेमानंदची खात्री होती की कठडा गपकन बसेल. पण घरं शंभर वर्षांत आपापल्या मनानं कलली होती. कठडा दोन बोटं आखूड पडला! सकाळी स्टीलला नरसिंगनं पट्ट्या जोडून भागवलं होतं.

"पाचर ठोका!" नरसिंग म्हणाला. पाचर ठोकली. तरी डुगडुगला. दुसरी ठोकली. तेवढ्यात प्रेमानंदचा फोन वाजला. अमरसिंग!

"निघाले रे! खीर दोनदा वाढली, म्हातारी ऐकंना! अर्धा तास झाला, मला गिऱ्हाइकात फोन करायचं ध्यानातच न्हाई राहिलं!"

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. नरसिंग खिळे ठोकतोय, प्रेमानंद कठडा छातीशी दाबून धरतोय, संध्या स्टील झाकायला घरातल्या चादरी आणतेय, नरसिंगची माणसं लाकडाचा भुसा झाडतायत! चार कोपऱ्यांना चार खिळे बसले आणि पाचव्याला हातोडा उचलला, तोच गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

"बस! खाली!" सगळे धडाधड जिना उतरले आणि ओट्यावर असे उभे राहिले की जणू फोटो काढायचा आहे.

आपा उतरली. तिनं मान वर केली. आख्ख्या गल्लीनंही मान वर केली, कारण एव्हाना आख्ख्या गल्लीला सगळं माहीत होतं.

"वहीच है रे हैदर," आपा म्हणाली. "वहीच."

प्रेमानंदनं इतका मोठा श्वास सोडला की संध्यानं त्याला चिमटा काढला. हैदरभाईचं लक्ष शेजारी गेलं. "तुमची माडी उघडीच? स्टील न्हाई बसलं?"

"उद्या... उद्या बसवतो म्हनला मिस्त्री."

"मेरे को ऊपर ले चलो," आपा म्हणाली.

ऊपर! चार खिळ्यांवर! प्रेमानंद सगळ्यांच्या आधी दोन-दोन पायऱ्या चढत वर धावला आणि कठड्याचा एक कोपरा अंगानं दाबून, सहज उभा असल्यासारखा उभा राहिला. दुसऱ्या कोपऱ्याला नरसिंग मिस्त्री धावत येऊन उभा राहिला.

"हे कोन?" हैदरभाईनं विचारलं.

"मिस्त्री. त्याला... त्याला जुनं काम बघायची लई हौस हाय."

आपा कठड्याशी आली. दोन्ही हात ठेवले. आणि टेकली! कठडा करकरला. प्रेमानंदनं डोळे मिटले, पोट आत घेतलं, दात आवळले. आपा म्हणजे मूठभर जीव, पण त्याला त्या घडीला ती भरल्या पोत्याएवढी वाटली. एक पाचर टुणकन खाली पडली. नरसिंगनं तिच्यावर पाय ठेवला.

कठडा राहिला.

आपाचा हात लाकडावरून फिरत फिरत आतल्या बाजूला गेला आणि थांबला.

"हैदर, यहाँ कुछ लिखा है."

"कुठं आपा?"

"ये देख, उंगली को लग रहा. मैं ससुराल गई सो दिन अब्बा रो रोके मेरा नाम खोदे होंगे. अम्मा बोलती थी, अब्बा मेरे पीछे आठ दिन यहीं बैठे रहे. मेरे को दिखता नहीं रे. पढ."

हैदरभाईनं खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाकला. प्रेमानंदही वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला. कठड्यावर कंपासातल्या कर्कटकानं खोल, ठसठशीत, एकेक अक्षर गिरवून कोरलेलं होतं:

पल्लवी पाईकराव, पाचवी ब.

हैदरभाईनं ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं मान उचलून शेजारच्या उघड्याबोडक्या माडीकडं बघितलं. चार नव्या खिळ्यांकडं बघितलं. प्रेमानंदच्या भाजलेल्या, काळ्या बोटांकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, ओठ हलले, आणि प्रेमानंदला वाटलं, आता संपलं. चाळीस वर्षांचा शेजार संपला.

"क्या लिखा है रे?" आपानं विचारलं.

हैदरभाईनं त्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला.

"तुम्हाराच नाम है, आपा," तो म्हणाला. "अब्बाकाच हात है."

आपा वाकली आणि तिनं 'पाचवी ब'चं चुंबन घेतलं. फातिमाबी डोळे पुसत तिला आत घेऊन गेली. नरसिंग मिस्त्री पाचर पायाखालीच ठेवून छताकडं बघायला लागला.

हैदरभाईनं चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, आमचे अब्बा पाचवी 'ब'त कवा व्हते?"



"सांगतो, हैदरभाई. सगळं सांगतो. पन जरा बसून सांगतो."

"बसा," हैदरभाई म्हणाला. "पन टेकू नका. चारच खिळे दिसून राहिले."